टी म्हणजे टेलपासून

मी टी बोलतोय. पण थांबा, आधी तुम्ही सांगा, तुम्हाला इकडं कुणी पाठवलं? सहज आलात म्हणता? सहज कुणी येत नसतं. माझ्याकडं कुणी जरा टक लावून बघितलं की मी सावध होतो, कारण त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "हे अजून कोण वापरतं रं?" हा प्रश्न कानावर पडला की समजायचं, आपली तिरडी बांधायला घेतली.

बरं, आलाच आहात तर बसा. पण कशाला हात लावू नका.

मी एक अक्षर आहे. इंग्रजीतला टी, आणि माझ्याआधी एक आडवी रेघ. एवढाच माझा देह. कडेगावात एका उपसा योजनेची कंट्रोल रूम आहे, तिथल्या संगणकात 'पाटकरी' नावाचा प्रोग्राम राहतो. पूर्वी पाटावरनं फिरून दारं उघडणारा पाटकरी असायचा, त्याचं काम आता हा करतो. टेकडावरच्या मोठ्या टाकीतनं पाइपलाइन निघते ती थेट जतच्या माळापर्यंत जाते. तिच्यावर जागोजागी व्हॉल्व्ह आहेत. ते कुठल्या क्रमानं उघडायचे ते पाटकरी बघतो.

त्याच्याकडं चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काळ्या पडद्यावर त्याचं नाव टाइप करायचं आणि पुढं माझ्यासारखं एखादं अक्षर जोडायचं. आम्हाला पर्याय म्हणतात. मी जोडला गेलो की पाटकरी शेवटाकडनं व्हॉल्व्ह उघडायला लागतो. टी म्हणजे टेल. टेल म्हणजे पाइपलाइनीचं शेवटचं टोक, हे इकडं शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

माझा जन्म भांडणातनं झाला. आधी पाटकरी हेडपासून, म्हणजे टाकीजवळच्या रानापासून पाणी सोडायचा. हेडला नाथाजी आण्णांचा ऊस. आण्णा पाणी वापर संस्थेचे चेअरमन. त्यांचा ऊस एकदा भिजायचा, मग मन भरेना म्हणून परत भिजायचा. टेलला जाईपर्यंत पाइपात पाण्याचा थेंब राहायचा नाही.

तर संस्थेच्या मीटिंगला जतकडनं बाळाबाई आली. नवरा धुळा मेंढरं राखतो, घरची थोडी ज्वारी, आणि सगळी भिस्त टेलच्या तळ्यावर. ती सगळ्यांच्या मागं बसली होती, ती एकदम उभीच राहिली.

"आवं, आमच्या पाइपातनं निस्ता वारा येतोय. मेंढरांस्नी काय वारा पाजू व्हय?"

लोक हसले. पण हसता हसताच ठरलं की यापुढं पाणी आधी टेलला. टेलचं तळं भरलं की मग वर वर सरकायचं. नाथाजी आण्णा म्हणाले, "ठीक हाय. पर माझा ऊस वाळला तर मोळ्या तुमच्या दारात आणून टाकीन." अजून एकही मोळी कुणाच्या दारात पडलेली नाही. तरी आण्णांवर माझा डोळा असतोच.

त्याच दिवशी दुपारी जयराज संगणकापुढं बसला. हा माझा बाप. फौजेत सिग्नलमध्ये नोकरी करून आलेला, पाटकरी त्यानंच लिहिलेला. शेजारचा म्हणाला, "आता पाटकरीची सवयच बदल की. उगा नवीन अक्षर कशाला?"

जयराज म्हणाला, "न्हाई गड्या. नुसता पाटकरी म्हटलं की हेडपासून, हे लोकांच्या हाताला बसलंय. बाकीच्या फाट्यांच्या फायली त्याच्याच भरवशावर चालत्यात. नवीन हुकूम येईस्तोवर जुना हुकूम चालू. नवीन काम हाय ना? मग नवीन अक्षर."

असा मी आलो. मग त्यानं एक फाइल लिहिली. टेलला पाणी द्यायच्या पाळीची तारीख आली की ती फाइल आपोआप उठते, पाटकरीला हाक मारते आणि मला पुढं करते. माणसानं काही टाइप करायलाच नको. पडद्यावर 'ठीक, ठीक' अशी हिरवी अक्षरं उमटतात, बसलेला माणूस चहा पीत मान डोलावतो.

पण बापानं एक घोळ घातला. मदतीचं म्हणून एक पान असतं, त्यात प्रत्येक अक्षराचं काम लिहायचं असतं. माझ्यापुढं त्यानं लिहिलं, 'टी: नेहमीप्रमाणे'. झालं! आता बोला. आमच्या भागाची ही खोडच आहे. पत्ता विचारा, 'जुन्या तालमीच्या मागं' म्हणतील. तालीम पाडून जमाना झाला तरी. ज्याला त्याला ठाऊकच आहे म्हटल्यावर लिहायचं कशाला? जयराजच्या वेळी टेलपासून हेच नेहमीचं झालं होतं, म्हणून त्यानं तसं लिहिलं आणि निवृत्त होऊन म्हसवडकडं आपल्या गावी निघून गेला. मी मात्र 'नेहमीप्रमाणे' होऊन बसलो.

तेव्हापासून माझी झोप उडाली. शेजारी व्ही राहतो, त्याला बडबडल्याशिवाय चैन पडत नाही, घडेल ते सगळं पडद्यावर सांगत सुटतो. पलीकडं क्यू, तो मिठाची गुळणी धरून बसलेला. मला दोघांचाही संशय. व्ही कुणापुढं काय बरळेल सांगता येत नाही, आणि क्यू इतका गप्प का असतो, हे मला आजतागायत कळलेलं नाही. आमच्यात एक बी म्हणून होता. कुठं गेला? कुणी सांगत नाही. एका साफसफाईत गेला म्हणतात. साफसफाई! काय गोड शब्द शोधून काढलाय.

मग एका वर्षी दोन माणसं आली.

पहिला वीरधवल. सांगलीचा, हसतमुख, पाटकरीला नवं रूप द्यायला संस्थेनं बोलावलेला. आला आणि पडद्याला हात जोडून म्हणाला, "वा, काय मजबूत काम केलंय जुन्या लोकांनी! जुन्याला धक्का लावायचा न्हाई बरं का आपण." सगळी खूश. मीही जरा सैलावलो, खोटं कशाला सांगू.

दुसरी उत्कर्षा. साताऱ्याची पोरगी, कंट्रोल रूमला नवीन इंजिनीअर. ती हात-बित जोडेना. आल्या दिवसापासून एकच विचारत सुटली, "हे कोण वापरतं? हे कुठनं हाक मारतं?" जुन्या फायली उघडायची आणि प्रत्येक फायलीत एकेका अक्षराचं नाव शोधायची. एकदा माझंही शोधलं. सापडलो तसं तिनं ओठ आवळले आणि नुसती बघत राहिली. मी म्हटलं, झालं. ही कैदाशीण आपला गळा घोटणार. मी रात्रंदिवस तिच्यावर नजर ठेवून राहिलो.

आणि वार झाला तो दुसऱ्याच बाजूनं.

वीरधवलनं मदतीचं पान वाचलं. 'टी: नेहमीप्रमाणे.' तो हसला आणि स्वतःशीच म्हणाला, "ह्याला काय अर्थ हाय?" त्याला पाटकरीत एक नवीन सोय घालायची होती. पाणी न सोडता नुसते व्हॉल्व्ह तपासून बघायची. चांगलीच सोय, मी नाही म्हणत नाही. पण त्या सोयीला त्यानं अक्षर दिलं टी. टेस्टचा टी.

मला मारलं नाही हो. मला काढलंही नाही. नाव ठेवलं, रेघ ठेवली, जागा ठेवली, आणि आतलं काम तेवढं बदललं. मी जागा झालो तो हातात दुसराच धंदा.

त्याच आठवड्यात टेलच्या पाळीची तारीख आली. जयराजची फाइल वेळेवर उठली बिचारी. तिला काय माहीत? तिनं नेहमीप्रमाणे हाक मारली, "पाटकरी, टी!" मी धावलो. एकेका व्हॉल्व्हला विचारलं, "बरा आहेस का?" तो म्हणाला, "बरा आहे." मी पडद्यावर लिहिलं, ठीक. पुढचा, ठीक. टेलपर्यंत सगळे ठीक. आणि एकही उघडला नाही.

मी आतनं बोंब मारत होतो, पण बोंब कुठनं मारणार? मला जेवढं शिकवलंय तेवढंच मी बोलू शकतो, आणि मला आता 'ठीक' एवढंच शिकवलं होतं. खुर्चीतल्या माणसानं चहाचा घोट घेतला, मान डोलावली आणि 'पाणी सुटलं' म्हणून टेलला कळवून टाकलं.

तुम्ही म्हणाल, टेलच्या लोकांनी फोन करायचा की! इथंच तर खरी गंमत आहे. टेलला एक रीत आहे. पाणी एकदा हेडवरनं निघालं की ते पोचेपर्यंत त्याची चौकशी करायची नाही. घरातनं निघालेल्या माणसाला 'कुठं निघालास?' म्हणून टोकत नाहीत ना, तसंच वाटंतल्या पाण्याला टोकायचं नाही. टोकलं की ते माघारी फिरतं म्हणतात. पाइपाच्या तोंडाला हळदीकुंकू लावायचं आणि गप वाट बघायची. पाणी पोचलं की मगच फोन करायचा, "पाणी टेकलं." म्हणून बाळाबाई गप्प होती. ती गप्प म्हणून कंट्रोल रूम गप्प. आणि दोघांच्या मधे मी, ठीक ठीक करत बसलेला.

इकडं पंप पाणी उपसत होते, आणि टाकीतनं खाली काही उतरत नव्हतं. मग टाकी भरली आणि सांडायला लागली. सांडलेलं पाणी उतारानं थेट नाथाजी आण्णांच्या उसात. आण्णा त्या दिवसांत कंट्रोल रूमकडं फिरकलेसुद्धा नाहीत. एरवी रोज येऊन चहात साखर कमी आहे म्हणणारा माणूस! तुम्हीच सांगा, मी संशय घेऊ नको तर काय करू?

खोलीतला एक जण म्हणाला, "टाकीचा फ्लोट अडकला आसंल, म्हनून पंप थांबंना." दुसरा म्हणाला, "आसंल." विषय संपला.

उत्कर्षा खिडकीपाशी गेली. टेकडावरची टाकी बघितली, मग पडद्यावरची हिरवी अक्षरं बघितली, परत टाकी बघितली. म्हणाली, "पाणी सुटलंय तर टाकी सांडते कशी?"

तिनं फोन उचलून स्पीकरवर ठेवला आणि टेलला लावला.

"मावशी, पाणी आलं का?"

पलीकडं नुसता वारा. मग बाळाबाईचा दबका आवाज आला. "यव्वा! आसं इचारू न्हाई बाई. वाटंतल्या पान्याला टोकू न्हाई. यील की."

ही पोरगी कैदाशीण असली तरी डोकं ठिकाणावर आहे, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. तिनं पाण्याचं नाव काढलं नाही. म्हणाली, "बरं, ऱ्हायलं. मेंढरं कशी हायत?"

आणि बाळाबाईचा बांध फुटला. "काय सांगू बाई! तळ्यात निस्ता चिखल राहिलाय. मेंढरं चिखलात तोंड घालत्यात. आताच व्यालेल्या आया हायत, त्यांस्नी पानी न्हाई तर दूध कुठनं? दोन कोकरं काल गेली. मालक म्हनतोय, उद्या तांबडं फुटायच्या आत समदी मेंढरं घिऊन निघायचं नदीच्या अंगाला. आगं, पर ही कोकरं चार दिसांची हायत गं! चालतील कशी? निम्मी वाटंतच मरतील."

उत्कर्षानं खाली बसून फाइल उघडली, मला शोधलं, मग पाटकरीच्या आत शिरून बघितलं की मी आता काय करतो. तिचा चेहरा उतरला.

तिनं वीरधवलला बोलावलं. "सर, टीचं काम बदललंत तुम्ही?"

"हो. अगं, बाहेरच्या सगळ्या प्रोग्रामात टी म्हणजे टेस्टच. मदतीच्या पानात तर कायच नव्हतं. मला वाटलं रिकामाच हाय."

"रिकामा न्हवता. टेलची पाळी त्याच्यावर चालते. तुम्ही टी काढूनच टाकला असता ना सर, तरी चाललं असतं. पाटकरीनं 'टी ओळखत नाही' म्हणून लाल अक्षरं दाखवली असती, फाइल बंद पडली असती, कुणीतरी उठून बघितलं असतं. तुम्ही नाव ठेवलं आणि काम बदललं. तीन दिवस तो खोटं बोलतोय आणि आपण माना डोलावतोय."

खोटं बोलतोय! मी! माझ्या जन्मात मी कुणाला फसवलं नव्हतं. पण तिचं खरं होतं आणि ते ऐकवत नव्हतं. मला काढल्याची भीती मी जन्मभर बाळगली. काढण्यापेक्षा वाईट काही असतं हे मला ठाऊकच नव्हतं.

वीरधवलनं वाद घातला नाही. कानापर्यंत लाल झाला आणि म्हणाला, "मला विचारायला पाहिजे होतं." खुर्ची ओढून बसला आणि जुना पाटकरी परत जागेवर आणला. उत्कर्षानं स्वतःच्या हातानं टाइप केलं, पाटकरी, रेघ, टी. मी धावलो. सगळ्यात आधी टेलचा व्हॉल्व्ह उघडला. पाइपात धडधड झाली. टाकी उतरायला लागली तसं सगळी माणसं खिडकीत जाऊन उभी राहिली, पडद्याकडं कुणी बघेना. बरोबरच आहे, मीही बघितलं नसतं.

पण पाण्याला टेल गाठायला वेळ लागतो, आणि धुळा पहाटे निघणार होता. कुणीतरी सांगायला हवं होतं. उत्कर्षानं परत फोन लावला.

"मावशी, माझं ऐका. पाणी वाटेत न्हवतंच. आमच्याकडनं सुटलंच न्हवतं. चूक आमची. आत्ता सोडलंय."

मग बाळाबाई म्हणाली, "मग इतकं दिस आमी कुनाला टोकत न्हवतो गं?"

उत्कर्षाचे डोळे भरले होते, ते मी बघितलं.

तिकडं धुळाचा आवाज आला. मागं घोड्यावर सामान चढवत असावा. "इच्यार त्यांस्नी, आता तरी खरं कशावरनं? त्या दिशी बी सुटलंच म्हनत हुते न्हवं? त्यांच्या शब्दावर बसलो तर हाय ती बी मरतील."

"आवं, पर गेलो तर कोकरं मरतील!"

"आन ऱ्हायलो तर समदीच!"

दोघंही खरं बोलत होते. उत्कर्षानं 'पडद्यावर ठीक दिसतंय' असं म्हटलं नाही, हे माझ्या ध्यानात राहिलंय. ती म्हणाली, "मावशी, पडद्याचं मी सांगत न्हाई. मी खिडकीत उभी हाय, टाकी माझ्या डोळ्यांपुढं उतरतीय. एवढंच मला माहिती हाय."

बाळाबाई म्हणाली, "जावा तुमी, मालक. थोरली मेंढरं घिऊन जावा. कोकरं आन त्यांच्या आया माझ्यापाशी ठिवा. मी बसते पाइपापाशी."

तशी ती बसली. आमच्यासारख्यांच्या शब्दावर, ज्यांनी तिला आधीच एकदा फसवलं होतं. त्या वेळात मी व्ही-क्यूवर संशय घ्यायचंसुद्धा विसरलो. मला एकच धास्ती, पाणी मधेच कुठं अडकलं तर? पोचलंच नाही तर?

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर फोन वाजला. बाळाबाईनं फोन पाइपाच्या तोंडाशी धरला होता. नुसता पाण्याचा आवाज आणि त्यात कोकरांचा कालवा. वीरधवलनं टेबलावर डोकं ठेवलं.

मग ती म्हणाली, "टेकलं बाई. आता सांग, घोळ काय झाल्ता?"

उत्कर्षानं जमेल तसं सांगितलं. एका अक्षराचं नाव तेच ठेवून काम बदललं म्हणून.

"आगं बया!" बाळाबाई म्हणाली. "म्हंजी नवरा दाखवला येक आन बोहल्यावर उभा केला दुसरा. आन वर समदे टाळ्या वाजवत बसला व्हय रं?"

वीरधवल म्हणाला, "व्हय मावशी. मीच उभा केला." आणि त्यानंतर तो साहेब नरमला तो नरमलाच. टेस्टच्या सोयीला त्यानं दोन रेघा देऊन 'चाचणी' असं लांबलचक नाव दिलं, म्हणजे कुणाच्या जागेवर बसायची पाळी नको. मलाही एक लांब नावाचा जोडीदार मिळाला, 'टेलपासून'. नव्या फायलीत त्यालाच बोलावतात. उत्कर्षानं मदतीच्या पानावरचं 'नेहमीप्रमाणे' खोडलं आणि लिहिलं, 'टी: टेलपासून व्हॉल्व्ह उघडतो. काढायचा असेल तर आधी वर्षभर ओरडून सांगा. याचा अर्थ कधीही बदलू नका.'

धुळा सात-आठ दिवसांनी मेंढरं घेऊन परतला. कोकरं तोवर उड्या मारायला लागली होती. ती दोन मात्र गेली ती गेलीच. त्यांचं मला वाईट वाटतं, आणि ते वाईट वाटणं कुणाच्या खात्यावर टाकावं ते समजत नाही.

पुढच्या पाळीला फाइल उठायच्या आधीच बाळाबाईचा फोन आला. "सुटलं का?" थोड्या वेळानं परत, "नक्की सुटलं का? खिडकीतनं बघून सांग." आता ती दर पाळीला विचारते. आया-आज्यांपासनं पाळलेली रीत तिनं मोडली. लोक म्हणतात बाई शहाणी झाली. मला ते ऐकून बरं वाटत नाही. संशय घ्यावा तो माझ्यासारख्यानं, माझा तो स्वभावच आहे. तिचा नव्हता. तो आम्ही तिला दिला.

आता मी म्हातारा झालोय. जयराजची ती एक जुनी फाइल तेवढी मला हाक मारते, आणि हाक आली की मी टेलचा व्हॉल्व्ह आधी उघडतो. उत्कर्षावर अजून माझी नजर असते. सवय म्हणून. तुमच्यावरही आहे. तुम्हीही कुठंतरी काहीतरी नवं करायला बसला असाल, आणि तुमच्या पुढ्यातही एखादं जुनं अक्षर पडलेलं असेल. कोण वापरतं म्हणून खुशाल विचारा. विचारलं पाहिजे, हे मला आता पटलंय. काढायचं झालं तर काढा, मी कुरकुरणार नाही. पण आमच्या तोंडून दुसऱ्याचे शब्द वदवू नका. तिकडं टेलला कुणीतरी गप्प बसलेलं असतं, आपल्यावर विश्वास ठेवून.